प्रोसेसर स्वस्त होईल म्हणून अजून किती थांबू?

पत्र: "नमस्कार दादा. मी गोव्यात साखळीला राहतो, वय २४. लग्नं, मुंजी, देवळातले उत्सव, गावची नाटकं यांचे व्हिडिओ शूट करतो आणि एडिट करून देतो. जुना कॉम्प्युटर आता फोर-के फाइल उघडली की रडायला लागतो म्हणून नवा असेंबल करायचाय. माझ्या डोक्यात एएमडीचा प्रोसेसर रायझन ७ ९८००एक्स३डी बसलाय, मित्र म्हणतात सध्या तोच बेस्ट. सात-आठ महिने त्याचा दर बघतोय, जरा वर जरा खाली, पण उतरला असं काही होत नाही. दुकानदार म्हणाला थांब, गणपतीच्या चवथीला ऑफर येईल. चवथ आली नि गेली. बाबा म्हणतात इलेक्ट्रॉनिक वस्तू वर्षभरात अर्ध्यावर येते, टीव्ही बघ, पेनड्राइव्ह बघ, घाई करू नको. मग प्रोसेसरचंच कुठे अडतं? दुकानदार गंडवतोय का मला? मस्कतला मामा आहे, त्याच्याकडून मागवू? की अजून थांबू?"

अरे बाबा, तुझं पत्र वाचून मला पहिल्यांदा आठवला तो आमच्या वाड्यावरचा पोदेर, म्हणजे पाववाला. सकाळी भोंगा वाजवत येतो, उंड्याचा, म्हणजे गोल पावाचा, दर वर्षानुवर्षं तोच, आणि माझी आई रोज उंडो तळहातावर घेऊन जोखते आणि स्वतःशीच म्हणते, "ल्हान जालो न्हय रे?" पोदेर ऐकून न ऐकल्यासारखं करतो, सायकलला टांग मारतो आणि पुढच्या घरी. आईचं बरोबर असतं. दर तोच असला म्हणजे काही बदललं नाही असं नसतं, दराच्या आत काय चाललंय ते तळहातावर घेतल्याशिवाय कळत नाही. तुझ्या प्रोसेसरचं उत्तर त्या तळहातातच आहे, पण त्याआधी दुकानदाराचं निपटवू.

तो तुला गंडवत नाहीये. मी म्हापशाला बारा-तेरा वर्षं असेंबलिंगचं दुकान चालवलंय म्हणून सांगतो, अख्ख्या कॉम्प्युटरमध्ये दुकानदाराला सगळ्यात कमी सुटतं ते प्रोसेसरवर. त्याचा दर सगळ्या गिऱ्हाईकांना मोबाइलवर दिसत असतो, तिथे शंभर-दोनशे जास्त लावले की माणूस उठून जातो. आमची कमाई कॅबिनेट, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), केबल आणि "सर्व्हिस चार्ज"वर. चवथीला ऑफर येईल म्हणाला ते तुला परत आणायला म्हणाला, त्यात वाईट मनात काही नसणार. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान महाग होतं, प्रोसेसर स्वस्त व्हायचं काही कारणच नाही.

आता बाबांचं. त्यांचं टीव्ही-पेनड्राइव्हचं गणित चुकीचं नाही, पण ते ज्या बाजाराचं आहे तिथे विकणारे ढीगभर आहेत. पेनड्राइव्ह घ्यायला गेलास तर काउंटरवर पाच-सहा नावं असतात, एकाने दर धरून ठेवला तर तू दुसरा उचलतोस, नावही बघत नाहीस. साध्या विंडोज डेस्कटॉपच्या प्रोसेसरला मात्र विकणारे दोनच, इंटेल आणि एएमडी. तिसरा का नाही? कारण ज्या भाषेत या चिपा चालतात त्या एक्स८६ चा परवाना बाहेरच्या कुणाला आता नव्याने मिळत नाही. आयबीएमने १९८१ मध्ये पीसी काढला तेव्हा त्यांना एकाच कंपनीच्या भरवशावर राहायचं नव्हतं, चिप बनवणारा दुसरा कुणीतरी पाहिजे म्हणून हट्ट धरला, म्हणून १९८२ मध्ये इंटेलने एएमडीला परवाना दिला. पुढे दोघांची कोर्टात जुंपली, एएमडीने १९९१ मध्ये इंटेलच्या ३८६ चिपसारखा आपला ३८६ काढला, आणि २००३ मध्ये त्याच भाषेचा ६४ बिटचा विस्तार एएमडीने आधी आणला तो इंटेललाही घ्यावा लागला. आता दोघांचे हात एकमेकांच्या खिशात अडकलेत, आणि बाहेरच्याला आत यायला दारच नाही. त्यात चिपचा कारखाना म्हणजे काही काजूची भट्टी नव्हे की सीझनला पेटवली, अब्जावधी डॉलर घालायचे आणि मग काही वर्षांनी कळणार जमलं की नाही.

म्हणजे दोन दुकानं. आता त्यातलं एक आजारी पडलं तर?

२०११ च्या जानेवारीत इंटेलने कोअर आय७-२६००के काढला, चार कोअर (एका चिपमध्ये एकाच वेळी राबणारे चार मेंदू म्हण), ३१७ डॉलर (हा हजार नग घेणाऱ्याचा दर, पण तुलनेला तोच धरतात). त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एएमडीने बुलडोझर आणला, एफएक्स-८१५०, कागदावर आठ कोअर, २४५ डॉलर, आणि सगळे वाट बघत होते की आता मजा येणार. आली नाही. एकेका कोअरची ताकद इतकी कमी पडली की बऱ्याच कामांत तो एएमडीच्याच जुन्या चिपांसमोर दमायला लागला, वर वीजही जास्त खायचा. त्यानंतर पाचेक वर्षं वरच्या वर्गात इंटेलला कुणी विचारणारंच उरलं नाही. २०१३ मध्ये तर एएमडीने ऑस्टिनमधली स्वतःची इमारत विकली आणि तीच भाड्याने घेऊन त्यात बसले, २०१५ मध्ये त्यांचा शेअर दोन डॉलरच्याही खाली होता. घर विकून तिथेच भाडेकरू होणं, ही वेळ कुणावर येऊ नये.

आणि या काळात इंटेलच्या दराचं काय झालं? काहीच नाही! २०१३ चा ४७७०के ३३९ डॉलर, २०१५ चा ६७००के ३३९ डॉलर, जानेवारी २०१७ चा ७७००के ३३९ डॉलर. चार कोअर, चार कोअर, चार कोअर. वेग दर वर्षी पाच-दहा टक्के वाढवायचा, खोक्यावर नवा आकडा छापायचा, आणि मधूनमधून सॉकेट, म्हणजे चिप बसते ती बैठक, असा बदलायचा की मदरबोर्डही नवा घ्यावा लागेल. आता आईचा तळहात आण. २६००के च्या आतला सिलिकॉनचा तुकडा साधारण २१६ चौरस मिलिमीटरचा होता, ६७००के चा १२२ च्या आसपास. उंडो जवळजवळ अर्ध्यावर आला, पैसे वीस-बावीस डॉलर जास्त! आता पोदेराच्या बाजूनेही बोलायला पाहिजे, नवं पीठ महाग होतं, म्हणजे १४ नॅनोमीटरच्या नव्या, जास्त बारीक कामाच्या पद्धतीने चिप बनवायला जुन्या ३२ पेक्षा प्रत्येक चौरस मिलिमीटरला जास्त खर्च येतो, डिझाइनचा खर्चही वाढतो. ते सगळं धरूनही त्या वर्षांत इंटेल शंभर डॉलरच्या मालावर सगळा बनवायचा खर्च जाऊन साठ डॉलर बाजूला काढत होती. साठ! मला म्हापशाला शंभरावर आठ सुटले तर मी संध्याकाळी बांगडे न घेता इसवण (सुरमई) घेऊन घरी जायचो.

इथे तू विचारशील की समोर कुणी नव्हतं तर दर दुप्पट का नाही केला? हा प्रश्न मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. कारण इंटेलला त्या काळात खरा स्पर्धक होता, तो म्हणजे इंटेलचाच जुना प्रोसेसर. एक प्रसंग सांगतो. २०१५ च्या शेवटाला अस्नोड्याचा एक फोटोवाला माझ्याकडे आला, तुझ्यासारखाच लग्नाची कामं करणारा, मशीन २६००के चं, म्हणाला दादा ६७००के टाकायचाय, बजेट आहे. मी कॅबिनेटचं झाकण काढलं. आत पंख्याच्या पात्यांवर काळ्या मखमलीसारखी धूळ, कोपऱ्यात पालीची दोन अंडी, आणि स्क्रूंना आपल्या हवेचा नेहमीचा गंज. चिप थंड ठेवणारा हीटसिंक काढला तर खालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून भाकरीच्या पिठाचे पोपडे सुटतात तशी झालेली. मी हिशोब करून दाखवला, नवी चिप, तिला नवा बोर्ड, बोर्डाला नवी डीडीआर४ रॅम, आणि एवढं करून तुझं एक्सपोर्ट, म्हणजे एडिट झालेला व्हिडिओ तयार होऊन बाहेर पडणं, तासाचं फार तर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांवर येईल. मग जुनंच साफ केलं, पेस्ट बदलली, एक एसएसडी आणि आठ जीबी रॅम घातली, आणि तो माणूस त्याच मशीनवर २०१९ पर्यंत कामं करत होता. असे लाखो लोक जगभर. चिप सहसा बिघडत नाही, पंख्याचा बेअरिंग आधी जातो. दर फार चढवला तर लोक जुनंच वापरत बसतात, म्हणून वर जाता येत नव्हतं.

आणि खाली यायला कारण नव्हतं. विचार कर, कॉम्प्युटर घेणारा माणूस बोर्ड, रॅम, डिस्क, मॉनिटर, कॅबिनेट असं सगळं घेतो, त्यात चिप एक भाग. चिप शंभर डॉलरने स्वस्त केली तर तू काय दोन कॉम्प्युटर घेणार? नाही. म्हणजे विक्री फार वाढत नाही, पण जो तसाही घेणार होता त्या प्रत्येकाकडून शंभर डॉलर कमी येतात. दुसऱ्या दुकानात जायची भीती असेल तरच हा तोटा माणूस सोसतो. भीती नाही तर दर जिथे आहे तिथेच पाय पसरून बसतो. मासळीबाजारात बघ, जून-जुलैच्या बंदीत एकच बाई बांगडे घेऊन बसली असेल तर घासाघीस करून बघ, ती तुझ्याकडे बघणारही नाही, पदर सावरून शेजारणीशी गप्पा मारत राहील. तीच बाई ऑगस्टमध्ये, आजूबाजूला दहाजणी बसल्या की, तू पुढे गेलास तर मागून हाक मारून दोन बांगडे जास्त टाकते. बाई तीच. (गोव्यातल्या टॅक्सीवाल्यांचं उदाहरण मी देत नाही, मला अधूनमधून विमानतळावर जायचं असतं.)

बरं, हे झालं डॉलरचं. आपल्याकडे त्याहून वेगळंच चाललं होतं आणि त्याकडे कुणी फार लक्ष देत नाही. २०११ च्या जानेवारीत डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०१७ च्या जानेवारीत ६८ च्या. ३१७ ला ४५ ने गुण, चौदा हजार तीनशेच्या आत. ३३९ ला ६८ ने गुण, तेवीस हजारांच्या वर, तेही टॅक्स धरायच्या आधी. अमेरिकेत लोक म्हणत होते दर हलत नाही, आणि माझ्या काउंटरवर दर दीडपटीच्या वर गेला होता, चिप तीच चार कोअरची. गिऱ्हाईक मला म्हणायचं तुम्ही गोव्यातले दुकानदार लुटता, बेळगावला स्वस्त मिळतं. बेळगावला जाऊन यायचे, आणि मग गपचूप माझ्याकडूनच घ्यायचे.

एक किस्सा याच काळाच्या जरा आधीचा, मला तो फार बोलका वाटतो. सप्टेंबर २०१० मध्ये इंटेलने पेंटियम जी६९५१ नावाच्या चिपसाठी ५० डॉलरचं कार्ड काढलं. कार्डावरचा कोड टाकला की तुझ्या मशीनमध्ये आधीच बसलेल्या चिपमधली कॅश मेमरी (चिपच्या आतली छोटी, झटपट स्मृती) वाढायची आणि हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरला दोन कामं देण्याची सोय, चालू व्हायचं. म्हणजे ती ताकद चिपमध्ये पहिल्यापासून होती, मुद्दाम कुलूप लावून विकली होती, किल्ली वेगळी विकायची. लोकांनी बोंब मारली, पुढच्या वर्षी योजना बंद. आता कुलपं लावणं हा या धंद्याचा जुनाच भाग आहे, इंटेलचे मधल्या पायरीचे आय५ आणि वरचे आय७ कित्येकदा एकाच साच्यातले असतात, काही नग खरंच जरा कमी निघतात आणि काहींना फक्त खालच्या पंगतीला बसवायचं असतं. पण समोर कुणी तगडा असेल तर कुलपं लावायची हिंमत कमी होते एवढंच सांगायचंय.

आता मजा बघ. २ मार्च २०१७ ला एएमडीने रायझन आणला. रायझन ७ १७००, आठ कोअर, ३२९ डॉलर. इंटेलकडे आठ कोअरचा ६९००के तेव्हा हजार डॉलरच्या वर होता, १०८९. पण लक्षात घे, त्या दिवशी इंटेलने ७७००के चा छापील दर उतरवला नाही, आणि तू तेव्हा सात-आठ महिने त्याच एका चिपचा दर बघत बसला असतास तर म्हणाला असतास, दादा उतरत म्हणून नाही. झालं काय ते ऑक्टोबरमध्ये दिसलं. जानेवारीत इंटेल आय५-७५०० विकत होती, चार कोअर, १९२ डॉलर. ऑक्टोबरला खालच्या पायरीचा आय३-८१०० आणला, चार कोअर, वेगही जवळपास तेवढाच, ११७ डॉलर. नऊ महिन्यांत तीच ताकद आय५ च्या खोक्यातून निघून आय३ च्या खोक्यात गेली आणि पंचाहत्तर डॉलर गळले. वर ८७००के मध्ये ३५९ डॉलरला सहा कोअर आले, पुढच्या वर्षी आठ. सहा वर्षं चारावर अडून बसलेली गाडी दीड वर्षात आठावर गेली, आणि इंटेलची नवी १० नॅनोमीटरची भट्टी तेव्हा नीट पेटलेलीही नव्हती, जुन्या १४ वरच हे सगळं करून दाखवलं. म्हणजे जमत होतं रे, करायची गरज वाटत नव्हती. मला तर तेव्हा राग आला होता, अजूनही थोडा येतो.

म्हणून तुला सांगतो, एका चिपच्या नावाला चिकटून तिचा दर बघत बसू नको. या धंद्यात लेबलाचा दर सहसा हलत नाही, लेबलाखालचा माल बदलतो. अमुक पैशांत आज काय मिळतं ते बघ, वर्षापूर्वी काय मिळत होतं ते आठव, फरक तिथे दिसेल.

कधीकधी लेबलाचा दरही पडतो बरं, पण तो वयाने पडत नाही, समोरच्याच्या मुक्क्याने पडतो. २००६ मध्ये उलटं झालं होतं, तेव्हा एएमडी वर होती, दोन कोअरच्या अ‍ॅथलॉनला तीनशे डॉलरच्या खाली हात लावू देत नव्हती आणि सगळ्यात वरचा तर हजार डॉलरला होता. जुलैमध्ये इंटेलचा कोअर टू ड्युओ आला आणि त्याच महिन्यात एएमडीने दर जवळपास अर्ध्यावर आणले. २०१९ मध्ये परत इंटेलची पाळी, अठरा कोअरचा ९९८०एक्सई १९७९ डॉलरला विकत होती, एएमडीच्या थ्रेडरिपर या ढीगभर कोअरवाल्या चिपची चाहूल लागली तशी त्याचा पुढचा भाऊ, १०९८०एक्सई, ९७९ ला लावला. एक आकडा पुढचा गळला फक्त, हजार डॉलर!

आणि एएमडी म्हणजे गरिबांची कैवारी असं डोक्यात असेल तर तेही काढून टाक. नोव्हेंबर २०२० मध्ये रायझन ५००० ने इंटेलला बहुतेक सगळीकडे मागे टाकलं, आणि पहिलं काम काय केलं, ३६००एक्स २४९ ला होता त्याच्या जागी आलेला ५६००एक्स २९९ ला. नावात एक्स नसलेला स्वस्त भाऊ तेव्हा आणलाच नाही. तो ५६०० आला एप्रिल २०२२ मध्ये, १९९ डॉलरला, मधे काय घडलं होतं? इंटेलचे बाराव्या पिढीचे चांगले चिप बाजारात आले होते. त्याच सुमाराला २०१७ च्या जुन्या बोर्डांवरही नवे रायझन चालतील असं एएमडीने मोकळं केलं, आधी नाही म्हणत होते. दुकान एएमडीचं लाल असो की इंटेलचं निळं, समोरच्याच्या शटरकडे डोळा ठेवूनच पाटीवर दर लिहितात.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी, स्पर्धा दर वेळी आपोआपच आजारी पडते असं नाही. युरोपीय आयोगाने २००९ मध्ये इंटेलला १०६ कोटी युरोचा दंड केला होता, कॉम्प्युटर कंपन्यांना सवलती देऊन एएमडीला बाहेर ठेवलं म्हणून. इंटेल वर्षानुवर्षं कोर्टात लढली आणि २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो दंड रद्दही केला, पण त्याच २००९ मध्ये आपसातला वाद मिटवायला इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर दिले होते. निष्कर्ष तुझा तू काढ.

आता तुझा ९८००एक्स३डी. तो नोव्हेंबर २०२४ ला ४७९ डॉलरला आला, त्याच्या आधीचा ७८००एक्स३डी ४४९ ला होता. त्यात चिपला चिकटवलेला जादा कॅशचा थर असतो, एकूण ९६ एमबी एल३, आणि गेम खेळताना त्याचा असा काही फायदा होतो की त्याच्यासमोर उभं राहील असं इंटेलकडे काही नव्हतं. त्याच्या आदल्या महिन्यात आलेले कोअर अल्ट्रा २०० चे चिप गेममध्ये कित्येकदा इंटेलच्याच मागच्या पिढीच्याही मागे राहिले. म्हणजे तू नेमकं ते दुकान निवडलंस जिथे बंदीच्या दिवसांत एकटीच बाई बसलीय, आणि तिने मागून हाक मारावी म्हणून सात-आठ महिने रेंगाळतोयस.

आणि मुख्य भानगड म्हणजे तुला तो नकोच आहे रे! पत्रात तू गेमचा ग सुद्धा काढलेला नाहीस. लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला त्या जादा कॅशचा फारसा उपयोग नाही, तिथे कोअर जास्त पाहिजेत आणि कॅमेऱ्याच्या फाइल हार्डवेअरमध्ये उलगडणारं काहीतरी पाहिजे. तुझा कॅमेरा एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) मध्ये १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवून, रेकॉर्ड करतो का ते मेनूत जाऊन बघ. करत असेल तर इंटेलच्या चिपमधला क्विक सिंक नावाचा व्हिडिओसाठीचा भाग त्या फाइली सहज चालवतो, रायझनच्या आतल्या ग्राफिक्सला ते जमत नाही, मग वेगळं नवं ग्राफिक्स कार्ड लागतं. आणि गंमत अशी की गेममध्ये हरलेला तो कोअर अल्ट्रा ७ २६५के, वीस कोअरचा, ३९४ डॉलरला आला आणि वर्षाच्या आत अमेरिकेत तीनशेच्या आसपास विकला जात होता. हरला म्हणून स्वस्त झाला, आणि तुझ्या कामात तो हरलेला नाही. खोट एकच, त्याच्या सॉकेटवर पुढे फार काही येईल असं धरून चालू नको, पण तू पाच वर्षं बोर्ड बदलणार नसशील तर काय फरक पडतो. सॉकेटची काळजी असेल आणि कॅमेरा रंगांची माहिती कमी ठेवणारा साधा ४:२:० वाला असेल तर रायझन ७ किंवा ९ मधला एक्स३डी नसलेला घे, तिथेही दोघांची मारामारी चालूच आहे, मधल्या पट्ट्यात ती कायम असते.

थांबू का म्हणतोस. तुझं लग्नांचं काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं ते मेपर्यंत, त्या आधी मशीन हातात असायला पाहिजे एवढीच तारीख बघ. एक लग्न रात्रभर एक्सपोर्टला लावून सकाळी "एरर" बघायचा अनुभव तुला असणारच, त्याचे पैसे कुणी देत नाही. नवीन पिढी दोन-तीन आठवड्यांत येतेय असं पक्कं कळलं तर थांब, नाहीतर नको.

मस्कतच्या मामाकडून चॉकलेटं मागव, प्रोसेसर नको. इंटेलने २०१६ मध्ये भारतासाठी असा नियम केला होता की खोक्यातला प्रोसेसर भारतातल्या अधिकृत वितरकाकडून आलेला असेल तरच इथे वॉरंटी, बाहेरून आणलेल्याला नाही. त्यावर भारताच्या स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये चौकशीही लावली आणि २०२४ मध्ये इंटेलने तो नियम सोडला, पण तू तुझा माल असल्या भानगडीत कशाला घालतोस. इथून घे, खोक्यातला सीलबंद घे म्हणजे तीन वर्षं वॉरंटी मिळते, ट्रेमधला, म्हणजे खोक्याशिवायचा, सुटा देतो म्हणाला आणि हजार रुपये कमी सांगितले तरी नको. बिलावर सिरीयल नंबर लिहून घे आणि खोकं माळ्यावर जपून ठेव, आई रद्दीत देते.

आणि एक्स३डी चे वाचलेले पैसे आहेत त्यातून एक चांगला यूपीएस घे. साखळीला पावसात लाइटीचं काय होतं ते मी तुला सांगायला नको.